मधलं पेडल

आमच्या गाडीची चाकं घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त वेळा आंघोळ करतात, आणि त्यांच्या आंघोळीचं पाणी आमच्या आंघोळीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. घराची ओळख करून देतेय, एवढंच.

बाबा कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, बाबा त्यावरून दात बसवतात, आणि मग छोट्या मोटरवर कापडाचा गोंडा लावून ती कवळी घासत बसतात. इतकी, की मूळच्या दातांना लाज वाटावी. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं आहे, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यात कुणी वयस्कर माणूस त्यांच्याकडे बघून हसला, की ते हसून उत्तर देत नाहीत, वाकून तपासतात. असा माणूस दिवसभर लोकांचे दात चकाकवून घरी आला की संध्याकाळी निवांत बसेल, अशी आईची लग्नापासूनची समजूत होती. गाडी येईपर्यंत ती खरीही होती.

गाडी दोन वर्षांपूर्वी आली. जुनी, पण बाबांना नवी. विकणारा माणूस फोटोग्राफर होता आणि त्याच्याकडे ती गाडी फक्त फोटोत उभी राहायची. तिची चाकं ॲल्युमिनियमची, आरशासारखी पॉलिश केलेली, आणि वर संरक्षणाचा कसलाही थर नाही. नुसता उघडा धातू. चावी देताना फोटोग्राफरने सांगितलं, ही चाकं रोज वापरायची नाहीत. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर आपण जसं वाचतो, तसं बाबांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी रोज अकरा किलोमीटर वर्कशॉपला नि अकरा किलोमीटर परत न्यायला सुरुवात केली.

आठवड्याभरात चाकं काळपट राखाडी झाली. बाबांनी पुस्तकं वाचली, लोकांना विचारलं, वही केली. वहीतून असं निघालं, की उघड्या ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही, खारट चालत नाही, कडक ब्रश चालत नाही, ऊन चालत नाही, आणि गरम असताना पाणी लागलेलं तर अजिबात चालत नाही. आमच्या घराण्यात इतकं नाजूक याआधी कुणी असेल तर ती आत्या.

मग रोजचा कार्यक्रम ठरला. साडेसहाला बाबा घरी आले की आधी चाकं थंड व्हायची. बाबा प्रत्येक चाकाला हाताची मागची बाजू लावून बघत, ताप बघतात तशी. (मला टायफॉइड झाला होता तेव्हा ताप आईने बघितला होता.) मग दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत ब्रश विसळायचं. साबण आंबटही नाही नि खारटही नाही, याची कागदाची पट्टी बुडवून खात्री. मग मऊ ब्रश, मग सांध्यांसाठी दात घासायचा ब्रश, मग फडकं, मग पॉलिश, मग दुसरं फडकं, मग मेण. चार चाकं, दोन तास. पाचवं चाक डिकीत असायचं. ते कुठेच जात नव्हतं, तरी त्याचा नंबर रविवारी लागायचा.

एकदा बाबांना सर्दी झाली म्हणून आईने मदत करायचं ठरवलं. शेगडीवरचा चिकटा काढायचा फवारा तिने पुढच्या डाव्या चाकावर मारला. शेगडी त्याने लख्ख होते. चाकाला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसायला लागलं. बाबा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते चाकाशी. नंतर त्यांनी ते काढून वर्कशॉपला नेलं आणि कवळ्यांच्या मोटरवर आठवडाभर घासून पूर्ववत केलं. त्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक फक्त पातळ पदार्थांवर होते, कारण त्यांचे दात रांगेत चाकाच्या मागे उभे होते.

एवढं सगळं करूनही दुसऱ्या संध्याकाळी चाकं पुन्हा काळी ती काळीच. शेवटी बाबा कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. त्याला सगळे मामा म्हणतात, त्याची बहीण कोण हे कुणालाच माहीत नाही. मामाने चाकावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि सांगितलं, की ही धूळ रस्त्याची नाही, ब्रेकची आहे. ब्रेक दाबला की आतले पॅड चकतीवर घासतात, त्यांची पूड उडते आणि चाकावर चिकटते. त्यावर त्याने दोन उपाय सांगितले. एक, कमी धूळ करणारे पॅड बसवा. दोन, चाकं काय, शेवटी चाकंच आहेत.

बाबांनी दोन्ही ऐकले नाहीत. ते 'ब्रेक दाबला की' इथेच थांबले होते.

तिथून आमच्या घरात एक नवीन काळ सुरू झाला. गर्दी मोजायला दारावर उभा राहणारा माणूस हातात जे खटका दाबायचं यंत्र धरतो, तसं एक यंत्र बाबांनी डॅशबोर्डला चिकटवलं. प्रत्येक ब्रेकला एक खटका. पहिल्या दिवशी जाता-येता एकशे सव्वीस. बाबा हादरले. एवढे ब्रेक आपण मारतो, हे त्यांना आपण झोपेत चालतो असं कळल्यासारखं वाटलं. मग ते सुधारायला लागले. पहाटे पाच चाळीसला निघायचं, म्हणजे सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात. सरळ रस्ता सोडून चढाचा रस्ता धरायचा, कारण चढ फुकट थांबवतो. पुढे लाल दिवा दिसला की डावीकडे वळून एक चक्कर मारून यायचं, तोवर तो हिरवा होतो. अकरा किलोमीटरचे सतरा झाले, पण ब्रेक एकशे सव्विसाचे नऊ झाले. पेट्रोलबद्दल आईने एकदाच विचारलं. बाबांनी तिला चाक दाखवलं.

आईला बाजारात सोडतानाही गाडी पूर्ण थांबत नसे. बाबा वेग माणसाच्या चालीइतका कमी करत आणि "हं, आता" म्हणत. आई पिशव्या घेऊन चालत्या गाडीतून उतरायला शिकली. तिची लय अशी बसली, की भाजीवाली तिला म्हणे, वहिनी, तुम्ही नाचाचा क्लास लावलात का.

इथपर्यंत हा विनोद होता. म्हणजे माझ्यासाठी.

मी रक्त तपासणीचा कोर्स केलाय. कोर्स संपल्यावर आठ महिने घरी बसले आणि हळूहळू पाचव्या चाकाची मदतनीस झाले. तेवढ्यात एका पॅथॉलॉजीने बोलावलं. काम घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं. गाडी त्यांची, चालवायची आपण. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, अमुक तारखेच्या सोमवारी रुजू व्हा, त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लायसनचा नंबर कळवा, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला घ्यावं लागेल. पुढच्या मुलीकडे लायसन आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

माझ्याकडे सहा आठवडे होते. ड्रायव्हिंग स्कूलची रांग अडीच महिन्यांची. तेव्हा बाबा म्हणाले, मी शिकवतो ना.

आईने मला देवासमोर नेऊन उभं करावं तसं मामासमोर नेऊन उभं केलं आणि विचारलं, हिला काही होणार तर नाही ना. मामाने गाडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाला, गाडीला काही होणार नाही.

बाबा शिक्षक म्हणून वाईट नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी मला तीन पेडल दाखवली. उजवं गती, डावं क्लच. मधल्याबद्दल ते म्हणाले, ते आहे, त्याला तिथे राहू दे. सहा आठवड्यांत मी असं काही शिकले, जे मला वाटतं जगात फार थोड्यांना येतं. मी पाचशे मीटरवरचा सिग्नल कधी बदलणार ते ओळखायला लागले. पादचाऱ्याच्या खांद्यावरून तो रस्ता ओलांडणार की मोबाईल काढणार हे सांगू शकायला लागले. गिअर उतरवत उतरवत गाडी अशी थांबवायचे, की कपातला चहा हलायचा नाही. ब्रेक म्हणजे कबुली असते, असं बाबा म्हणायचे. पुढचं न बघितल्याची. माझा पाय मधल्या पेडलवरून जाताना शेजारच्यांच्या दारावरून जावं तसा अंग चोरून जायचा.

शुक्रवारी, म्हणजे त्याच शुक्रवारी, साडेअकराला माझी परीक्षा होती. त्याआधीची तारीख मिळालीच नाही. बाबांनी पहाटे चार वाजल्यापासून चाकं घासली होती. लायसनच्या ऑफिससमोर ती इतकी चमकत होती, की रांगेतल्या दोन बायकांनी त्यात बघून केस नीट केले.

परीक्षक बारीक अंगाचे, कागद लावलेली पाटी छातीशी धरलेले गृहस्थ होते. स्वतःची गाडी चालते, शिकवणारा मागे बसू शकतो, पण तोंड उघडायचं नाही, असे नियम त्यांनी एका दमात सांगितले. बाबा मागे बसले. मी गाडी काढली.

पहिली दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर दहा मिनिटं होती. वळणं, चौक, शाळेसमोरचा रस्ता, मागे घेणं, सगळं लोण्यासारखं. परीक्षक आधी पाटीवर खुणा करत होते, मग थांबले आणि माझ्या पायांकडे बघायला लागले. चौथ्या चौकानंतर त्यांनी विचारलं,

"गाडीला ब्रेक आहेत ना?"

"आहेत, सर."

"कुठे?"

"मध्ये."

त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं. मग ऑफिसच्या मागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर गाडी घ्यायला सांगितली. आता अचानक थांबायची परीक्षा. त्यांनी सांगितलं, मी डॅशबोर्डवर थाप मारली, की रस्त्यात लहान मूल आलं असं समजायचं आणि लगेच थांबायचं. लगेच, ते पुन्हा म्हणाले.

मी वेग घेतला. त्यांनी थाप मारली. खरं सांगते, मला मूल दिसलं. तरीही माझ्या पायाने जे सहा आठवडे केलं तेच केलं. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, डावीकडे किंचित चढ होता तो धरला, आणि गाडी एका झाडाखाली कमालीच्या अदबीने उभी राहिली. मागे वळून बघितलं तर थापेची जागा बरीच लांब राहिली होती.

परीक्षकही मागे वळून बघत होते. "ते मूल," ते म्हणाले, "एव्हाना शिकून नोकरीला लागलं असेल."

मला त्या मुलाचा हेवा वाटला.

नियमाप्रमाणे आणखी एक संधी होती. ती गेली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी. दोन महिन्यांनी पॅथॉलॉजीत पुढची मुलगी माझ्या गाडीत बसून कुणाच्या तरी दंडाला रबर बांधत असणार. मी आरशात बघितलं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात, तसे बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. त्यांना कळलं होतं. बोलायची परवानगी नव्हती, म्हणून ते नुसते खोकले. तो खोकला मी सहा आठवड्यांत चांगला ओळखायला लागले होते. त्याचा अर्थ 'हळू' असा होता.

मी पुन्हा वेग घेतला. थाप पडली. मी मधलं पेडल दोन्ही पायांनी दाबावं तसं दाबलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चाकं रोज धुतली की आतल्या चकतीवरही पाणी जातं आणि रात्रीत तिच्यावर गंज चढतो. बाकीच्यांच्या गाड्यांत सकाळच्या पहिल्या दोन ब्रेकांत तो निघून जातो. आमच्याकडे ब्रेक नावापुरताच, तोही हलका. त्यामुळे कित्येक महिन्यांचा गंज तिथे जमून बसला होता. बाबांना तो दिसत नव्हता असं नाही. पण चकती म्हणजे चाक नव्हे, ती त्यांच्या खात्यात येत नव्हती.

लोखंडी कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज झाला. गाडी दोन गाड्यांच्या अंतरात उभी राहिली. परीक्षकांची पाटी काचेवर गेली, आणि चारही बाजूंनी वीटभट्टीसारखी तांबूस पूड उठून सावकाश खाली बसली. खाली म्हणजे चाकांवर.

मागचं दार उघडलं. बाबा धावत पुढे गेले आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. परीक्षकांचा चेहरा हळवा झाला. त्यांनी काच खाली केली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की काका, तिथे कुणी नाहीये, मूल कल्पनेतलं होतं.

"मूल नाही हो," बाबा म्हणाले. "चाक."

मग त्यांनी खिशातून फडकं काढलं, चाकाला हात लावला, झटकन मागे घेतला, आणि चाक गरम आहे, वीस मिनिटं काही करता येणार नाही, असं जाहीर केलं. गाडी हलवली तर पूड अजून भाजून बसेल. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. बारा वीस झाले होते. परीक्षा ऑफिसच्या आवारात परत जाऊन संपते, आणि साडेबारापर्यंत गाडी आत नसेल तर परीक्षा झालीच नाही असं धरतात. नियम. ते स्वतःच्या खिशातून नियम काढत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी बाबांना म्हटलं, आत बसा. ते म्हणाले, गरम आहे. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, तुला दिसत नाही का, केवढं बसलंय ते. मला दिसत होतं. पाचव्या चाकासमोर बसून, कुणाच्या तरी रिपोर्टची वाट बघावी तशी मी आठ महिने नोकरीची वाट बघितली होती, तेही दिसत होतं.

फडक्याची स्वच्छ घडी वर काढायला बाबा उठून फूटपाथवर गेले. मी पहिला गिअर टाकला.

मागचं दार उघडंच होतं, ते गाडी पुढे जाताच आपोआप लागलं. आरशात मला बाबा दिसले. ते फडकं घडी करून वळले, खाली बसले आणि हात पुढे केला. समोर चाक नव्हतं. तरी हात क्षणभर तसाच राहिला.

परतीच्या वाटेवर मी सात वेळा ब्रेक मारला. एकदा तर कारण नसताना. परीक्षकांनी पाटीवर लिहिलेलं मी तिरक्या नजरेने वाचलं. 'ब्रेक: समाधानकारक.' त्याआधी काहीतरी खोडलेलं होतं, ते मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

पास झाले. आवारात गाडी लावता लावता बारा एकोणतीस. पण लायसनचा नंबर मिळायला अर्ज खिडकीत द्यायचा होता, खिडकी एकला बंद, आणि अर्जाच्या मागच्या बाजूला शिकवणाऱ्याची सही हवी. शिकवणारा मागच्या रस्त्यावर फडकं घेऊन उभा होता.

मी गाडी घेऊन परत गेले. बाबा फूटपाथच्या कडेवर बसले होते. मी त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर गाडी थांबवली, ब्रेकने. ते उठले, चाकांकडे न बघता मागच्या सीटवर बसले, आणि आम्ही ऑफिसच्या आवारात आलो. मी अर्ज आणि पेन मागे दिलं. त्यांनी चष्मा लावला. बाबा कुठलाही कागद पूर्ण वाचतात, बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा.

"'उमेदवाराला वाहनाची सर्व नियंत्रणे मी स्वतः शिकवली आहेत,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. पेन उघडलं. मग टोपण परत लावलं.

मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, हे खोटं आहे.

मला वाटलं, ते सूड घेताहेत. तेवढं सोपं नव्हतं. बाबांनी तीस वर्षांत एकही कवळी चावा न तपासता बाहेर सोडलेली नाही. डॉक्टर फोनवर ओरडत असले तरी नाही. सर्व नियंत्रणे, ते बोट ठेवून म्हणाले. सर्व. मी तुला दोनच शिकवली. तिसरं तू आज आपलं आपण शिकलीस, तेही चुकीचं. दोन्ही पायांनी कुणी ब्रेक मारतं का?

बारा बेचाळीस झाले होते. खिडकीसमोर अजून चार माणसं होती.

मी मागे वळले. मला ओरडता आलं असतं, पण मागे बसलेला माणूस इतका प्रामाणिकपणे अडकलेला होता, की ओरडून काही उपयोग नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "मला सोमवारी नोकरीवर जायचंय. चाकं मंगळवारीही इथेच असतील."

त्यांनी पेनाचं टोपण आणखी घट्ट दाबलं.

"मग शिकवा ना. आत्ता."

बाबा बराच वेळ अर्जाकडे बघत बसले. बराच म्हणजे दोन मिनिटं, पण माझ्याकडे एकूण अठराच होती. मग ते उतरले, पुढे येऊन माझ्या शेजारी बसले, आणि खिडकीची काच वर केली. ब्रेकचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून असेल.

"टाच खाली टेकव," ते म्हणाले. "पंजाने दाब. आधी हलकं."

आवाराला आम्ही चकरा मारायला लागलो. आधी हलकं, मग घट्ट, आणि थांबायच्या शेवटच्या क्षणाला थोडंसं सोडायचं, म्हणजे मान हलत नाही. पहिल्यांदा मान हलली. दुसऱ्यांदाही. बाबा म्हणाले, पुन्हा. प्रत्येक वेळी गाडीखालून थोडी थोडी तांबूस, मग थोडी थोडी काळी पूड निघत होती आणि बाबा समोर ऑफिसच्या भिंतीवर 'थुंकू नये' असं लिहिलं होतं ते एकाग्रतेने वाचत होते. पुन्हा, ते म्हणाले. अजून सोड. पुन्हा. रांगेतल्या त्या केस नीट केलेल्या बायका आता आमच्याकडे बघत होत्या. आधी लायसन घ्यायचं की आधी शिकायचं, असा काहीतरी गोंधळ त्यांच्या मनात उडालेला दिसत होता.

सहाव्या खेपेला गाडी थांबली आणि थांबली हे मला कळलंच नाही. मी विचारलं, हे तुम्हाला एवढं कसं येतं.

"तुला शाळेतून आणायचो तेव्हा तू मागे झोपलेली असायचीस," बाबा म्हणाले. "जाग येऊ नये म्हणून असा मारायचो." मग त्यांना ते जरा जास्त झाल्यासारखं वाटलं असावं. "त्या गाडीची चाकं लोखंडी होती," त्यांनी लगेच पुढे जोडलं.

त्यांनी अर्ज मांडीवर घेतला, ती ओळ पुन्हा एकदा वाचली, 'सर्व' या शब्दावर पेनाचं टोक टेकवलं, आणि सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली वेळ. बारा चोपन्न.

मी पळत खिडकीपाशी गेले. आतल्या क्लार्कने अर्ज उलटला, सही बघितली, वेळ बघितली, आणि वेळ कशाला लिहिलीय असं विचारलं. मी म्हटलं, खरी आहे म्हणून. त्याने शिक्का मारला. नंबर एका चिठ्ठीवर मिळाला, पक्कं लायसन टपालाने येणार. तिथेच उभी राहून मी पॅथॉलॉजीला फोन लावला. बाईंनी नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, बरं झालं, आता मी त्या दुसऱ्या मुलीला कळवते. त्यांचा आवाज जरा पडला होता. ती दुसरी मुलगी बहुतेक त्यांची भाची असावी.

मी बाहेर आले तेव्हा गाडी बंद होती आणि बाबा नव्हते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला हाक मारून चावी दिली. तुमचे वडील देऊन गेले, तो म्हणाला. म्हणाले, तिला चालवू दे, मला बघवत नाही.

मी गाडी बाहेर काढली. पन्नास पावलांवर बसथांबा होता आणि तिथे बाबा हातात घडी केलेलं फडकं घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोर गाडी थांबवली. टाच खाली, आधी हलकं, मग घट्ट, शेवटी थोडं सोडलं. मान हलली नाही. मी पलीकडचं दार उघडलं.

बाबांनी गाडीवरून नजर उचलली आणि बस ज्या दिशेने येते तिकडे लावली.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "बस येईलच एवढ्यात."